पानी हाताले, साबनाले नाई

तिच्याकडून साबण घ्यायचा तर आधी हात धुवावे लागत.

नेरच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांची रांग जिथे संपते तिथे ती बसे. समोर गोणपाट, त्यावर साबणाच्या वड्या, शेजारी पाण्याची घागर आणि घागरीच्या तोंडावर पालथा घातलेला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला. गिऱ्हाईक आले की ती वडी उचलून दाखवत नसे, भावही सांगत नसे. पेला भरून घेई आणि म्हणे, "हात पुढं करा."

हात पुढे केले की वरून पाणी ओती. झिजलेला एक तुकडा तळहातावर ठेवी. फेस होईपर्यंत चोळायला लावी, पुन्हा पाणी ओती, आणि मग हात हवेत धरून वाळवायला सांगे. पुसायला फडके मागितलेले तिला खपत नसे. हात वाळले की स्वतःच्या हाताचा वास घ्यायचा. एवढे झाल्यावर वडी. ज्याने हात धुतले नाहीत त्याला वडी नाही.

ही माल दाखवायची चांगली रीत होती असे कोणाला वाटेल, तर तसे नव्हते. छप्पन सालच्या दसऱ्याला तिच्या घरची माणसे नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. त्याआधी गाव त्यांना काय म्हणत होते आणि कुठल्या विहिरीपासून किती अंतरावर उभे करत होते, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. तिच्या घागरीतले, तिच्या हातचे पाणी भर बाजारात आपल्या हातांवर घ्यायचे म्हणजे काय, हे घेणाऱ्याला कळत होते आणि बघणाऱ्यालाही. तिला तर सगळ्यात जास्त कळत होते. तिचा अर्धा धंदा त्या घागरीने बुडवला होता. कोणी तसे म्हटले की ती चिडून सांगे, "मंग अर्धा त वाचला ना."

तिचे नाव मला माहीत आहे. ते मी इथे लिहीत नाही. जिथे लिहायला हवे होते तिथे मी ते लिहिले नाही, आता इथे लिहून काय होणार?

ती अंगाने थोराड होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे डाग होते, कॉस्टिक सोडा उडून पडलेले. आवाज मोठा. हसताना मी तिला फारसे पाहिले नाही. टोमणे मारतानाही तिचा चेहरा रागावलेलाच असे. स्वतःच्या मालाची स्तुती करत नसे, उलट गिऱ्हाइकालाच झापे. मागच्या खेपेची वडी लवकर संपली अशी तक्रार कोणी केली की विचारी, "कुठी ठेवता? मोरीत? पान्यात?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणे, "पानी हाताले, साबनाले नाई. पान्यात ठेवला का साबन मरते." हे वाक्य ती दिवसातून वीस वेळा बोलत असेल. बाजारातली पोरे तिच्या मागून तिच्याच आवाजात ते म्हणत.

माणसाचे हात पाहून ती त्याचे काम ओळखी, आणि ओळखले ते गप्प ठेवत नसे. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांवर बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडलेले असत, त्यांना ती कडुनिंबाची वडी देई, मागितली नसली तरी. एका मास्तरांना म्हणाली, "खडू कमी, छडी जास्त घासून राह्यले तुमी." मास्तरांच्या तळहातावर छडीचा घट्टा होता. मास्तर पुन्हा आले नाहीत.

एकदा गावातले एक वकील आले. कोट, छत्री, मागे पिशवी घेतलेला गडी. मी बाजूला उभी राहून हात वाळवत होते. वकिलांनी दोन वड्या मागितल्या. तिने पेला भरला. वकील म्हणाले, माझे हात स्वच्छ आहेत, आणि मी जातपात मुळीच मानत नाही.

"मानत नाई ना?" ती म्हणाली. "मंग धुवा न."

वकिलांनी तिला मग समता म्हणजे काय ते सांगितले. मनाची शुद्धी महत्त्वाची, बाहेरची नाही, असेही सांगितले. ती पेला धरून ऐकत राहिली. बोलणे संपल्यावर वकिलांनी छत्री उघडली आणि निघून गेले. तिने पेल्यातले पाणी परत घागरीत ओतले. पाणी वाया घालवत नसे. तिच्या वस्तीपासून घागर डोक्यावर आणावी लागे, कारण बाजारातल्या विहिरीवर तिला अजूनही कोणी दोर देत नव्हते.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती साठ सालची गोष्ट. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. आई लहानपणीच गेली, वडील नेरला कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर. घर आत्याच्या हातात. शिक्षण संपवून मी गावी परतले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मला बोलायची सवय नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलले की दंड होई आणि घरी इंग्रजी बोलले की आत्या हसे, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणे मला जमू लागले होते. लोक त्याला सालसपणा म्हणत. मीही म्हणत असे.

तिच्यासमोर मी हात पुढे केले तेव्हा मला आतून फार बरे वाटत होते. मी शिकलेली, मला कसला विटाळ. तिने पाणी ओतले, माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "या हातानं अजून काईच केलं नाई."

मी तिला मावशी म्हटले. वाटले, आवडेल.

"मावशी म्हनाले काय लागते," ती म्हणाली. "मावशीच्या घरी पानी पेता का?"

मी हो म्हटले. घरी परतल्यावर आत्याने विचारले, "काहून गं बेबी, त्या साबणवालीनं तुझ्या हातावर पाणी ओतलं म्हणतात?" मी नाही म्हटले. ते पहिले खोटे. इतके सहज निघाले की ते खोटे आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही.

शाळेला जोडून मुलींचे वसतिगृह होते. आसपासच्या खेड्यांतल्या चाळीस मुली तिथे राहत. त्यांना महिन्याला साबण पुरवायचा होता. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या मनात आले की कंपनीचा साबण मागवण्यापेक्षा गावातल्या बाईचा घ्यावा. प्रार्थनेनंतर त्या मुलींना नेहमी सांगत की देश आता आपला आहे, आपण आपल्या माणसाच्या हातची वस्तू वापरली पाहिजे. त्यांनी ते मनापासून सांगितले होते याबद्दल मला शंका नाही. शाळेच्या समितीतल्या चौघांना मात्र ही गोष्ट रुचली नव्हती. त्यांतले एक माझे वडील. मग असे ठरले की आधी नमुना घ्यावा, महिनाभर ठेवून पाहावा आणि कोणीतरी लेखी द्यावे. लेखी द्यायचे काम माझ्याकडे आले, कारण कागद यवतमाळच्या शिक्षण कचेरीत पाठवायचा होता आणि तो इंग्रजीत लागत होता.

नमुन्याच्या बारा वड्या आणायला मी तिच्या वस्तीत गेले. घराच्या पडवीत तुरीच्या काड्यांची, तुराट्यांची ताटी बांधून तिच्यावर वड्या वाळत घातल्या होत्या. एका कढईत तेल होते. डोंगराकडच्या कोलाम आदिवासी बायका मोहाच्या बिया आणत, त्या ती घाण्यावर गाळून घेई. कढईपासून मला तिने चार हात लांब उभे केले. सोड्याचे पाणी तेलात एका धारेने सोडत होती आणि दुसऱ्या हाताने एकाच दिशेने ढवळत होती. हात थांबला नाही, बोलणेही थांबले नाही.

बौद्ध झाल्यावर त्यांनी गावातली मेलेली जनावरे ओढायचे बंद केले. गावाने त्यांना वावरात कामाला बोलवायचे बंद केले. दोन वर्षे कोणाच्याही वावरात पाय ठेवू दिला नाही. नवरा राळेगावकडे मजुरीला गेला, तिकडेच तापाने गेला. साबण करायला ती एका आश्रमात शिकली होती. तिथल्या माणसांनी तिला सांगितले होते की गोड बोल, म्हणजे माल खपेल. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

"आता वेचनीले कोनाच्या वावरात जात नाई मी," ती म्हणाली. "गावानंच बंद केलं ना? मंग आता त्यायनं बोलावलं तरी नाई. हे चाळीस पोरींचं साबनाचं काम भेटलं का बस. घागर घेऊन बाजारात बसाची बी गरज नाई. पन मी बसीन."

ओतलेला साबण घट्ट होत आला की ती तारेने वड्या पाडी आणि प्रत्येक वडी ओली असताना तिच्यावर आपला अंगठा दाबी. त्याचा खोलगट ठसा वडीवर राही, रेषांसकट. मी विचारले, हे कशाला? ती म्हणाली की ती सही करायला शिकली आहे, कागदावर अंगठा उठवायचा नाही असे तिने ठरवले आहे, म्हणून अंगठा आता फक्त साबणावर.

तिने मला पाणी दिले. मी प्यायले. तिने मला पिताना शेवटच्या घोटापर्यंत पाहिले आणि मग बारा वड्या कागदात बांधून हातात दिल्या. "कोरड्या ठेवा," एवढेच म्हणाली. नेहमीचे वाक्य म्हटले नाही. मला ते सांगायची गरज नाही असे तिला वाटले असावे.

वड्या घरी आल्या. आत्याने त्या एका पत्र्याच्या डब्यात घालून तिच्या कोठीत ठेवल्या, लोणच्याच्या बरण्यांपासून दूर, खालच्या फळीवर. घरात दुसरीकडे ठेवू द्यायला ती तयार नव्हती, डोळ्यांसमोर असलेले बरे म्हणाली. आत्याला त्या साबणाबद्दल सगळे माहीत होते. त्यात चरबी असते, ती लोकं दुसरं काय घालणार, हे तिने मला तीनदा सांगितले. मेलेली जनावरे ओढायचे सोडले म्हणून ज्या बाईचे काम गेले तिच्या साबणात चरबी असणार, हे बोलताना आत्याला त्यात काही वेडेवाकडे वाटले नाही. आत्या स्वतः कंपनीचा गुलाबी साबण वापरी. तो मुंबईहून चकचकीत कागदात येई. त्यात काय असते, तो कोणाच्या हातांनी केला, हे तिने कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठीच्या दारात उभी होते. आत्या आंघोळ करून ओलेत्याने आली. हातात गडवा. कोठीतल्या वस्तूंना हात लावायच्या आधी तिने पत्र्याचा डबा उघडला, गडव्यात बोटे बुडवली आणि बारा वड्यांवर तीनदा पाणी शिंपडले. झाकण लावले. मग धान्याकडे वळली.

तिला वाटत होते ती वड्या शुद्ध करते आहे. साबण पाण्याने शुद्ध करता येत नाही, साबण पाण्याने संपतो, हे घरात रोज साबण वापरणाऱ्या बाईच्या ध्यानात येऊ नये याचे मला तेव्हा हसू आले. मी मनातल्या मनात हसले. तोंडाने काही बोलले नाही. त्यानंतर रोज, तीस दिवस, सकाळी ते पाणी पडत राहिले आणि रोज मी ते पाहत राहिले. आत्याने मला वाढवले होते. तिला 'असे करू नकोस' म्हणणारे आमच्या घरात कोणी नव्हते. मी ही कारणे तेव्हाही जवळ ठेवली होती. आज ती वाचवत नाहीत.

महिना संपला. डबा उघडला तर आत चिकट लगदा. मी इंग्रजीत अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला, तिच्या नावाशिवाय. सुवासाबद्दल चांगले लिहिले, फेसाबद्दल चांगले लिहिले, आणि शेवटी लिहिले की नमुना एका महिन्याच्या साठवणीत टिकला नाही. या वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले आणि मला आवडले. चांगली वाक्ये लिहायला मला नागपूरला शिकवले होते.

मोठ्या बाईंनी तिला शाळेत बोलावले. समजावून सांगावे, एवढाच त्यांचा हेतू. टेबलावर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर डबा. मी खिडकीशी उभी. मोठ्या बाईंनी एक वडी दोन बोटांनी उचलली, ती निसटली, पुन्हा उचलली. त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या. तुमची मेहनत आम्हाला दिसते, पण वस्तू टिकली पाहिजे, मुलींच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

ती ऐकत नव्हती. तिने डब्यातली एक वडी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली आणि उलटी केली. वडीच्या खालच्या अंगाला तुराट्यांच्या रेषा जशाच्या तशा होत्या. वरचा अंगठा गेला होता. त्या जागी खळगा होता आणि खळग्यात लगदा.

"यावर पानी मारलं हाय," ती म्हणाली. "वरून मारलं. रोज मारलं. अंगठ्यात साचलं ते, अन् झाकन लावलं त सुकलं नाई. खालून पाहा, कोरडी हाय."

मोठ्या बाई म्हणाल्या, कोणी पाणी कशाला मारेल?

"कायले मारते ते तुमाले बी ठाव हाय."

मोठ्या बाईंनी हातातली वडी कागदावर ठेवली. ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. वस्तीतले ते हसणे सोडले तर मी तिला एवढ्या दिवसांत रागाशिवाय पाहिले ते तेव्हाच.

"तुमच्या घरी होता डबा. तुमी पाह्यलं असन. हो म्हना, बाई. येवढंच म्हना."

खिडकीबाहेर मुली जेवणाच्या ताटल्या घासत होत्या, राखेने. त्यांना अजून साबण मिळाला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत होते. मोठ्या बाईही माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना माझे 'हो' हवे होते की नको होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या मनात त्या क्षणी आत्या होती, गडवा होता, समितीत बसलेले वडील होते. आणि खरे सांगायचे तर यातले काहीही नव्हते. फक्त तोंड उघडायची भीती होती, जी मला कोणीही काहीही विचारले तरी वाटते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. बाराही वड्या, तो लगदा, एकेक करून पदरात घेतला. जाताना मोठ्या बाईंच्या चिकट बोटांकडे पाहून म्हणाली, "धुऊन टाका बाई, फेस होईन चांगला." ती गेल्यावर मोठ्या बाई मोरीवर गेल्या. मी पाहिले, फेस भरपूर झाला. पांढरा, दाट. त्यांनीही पाहिले. हात पुसून त्या टेबलापाशी आल्या आणि माझ्या अहवालावर सही केली.

काम कंपनीच्या माणसाला गेले. वेचणीचे दिवस आले तशी बाजारातली तिची जागा रिकामी दिसू लागली. मिरचीवालीने सांगितले, ती राळेगावकडे वेचणीला गेली. तिकडे तिला कोणी ओळखत नाही म्हणून. इथल्या वावरात जायचे नाही ही तिची शपथ तिने अशी पाळली. तिकडच्या वावराचा मालक तिला कुठून पाणी प्यायला देत असेल, ते मी कोणाला विचारले नाही.

मग मी लिहिले. मराठीत, दोन पाने. आत्याचा गडवा, तीस सकाळी, तुराट्यांच्या रेषा, माझे 'माहीत नाही', सगळे लिहून मोठ्या बाईंना दिले. त्यांनी माझ्यासमोर वाचले. कागदाची घडी घातली आणि विचारले, "यात तुमच्या आत्याबाईंचं नाव आहे. हे समितीपुढे ठेवलेलं वडिलांना चालेल तुमच्या?" मी पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. कागद टेबलाच्या खणात गेला. तो तिथेच असेल. प्रार्थनेनंतर मोठ्या बाई अजूनही मुलींना आपल्या माणसाच्या हातच्या वस्तूंबद्दल सांगतात. मला उठून बाहेर जावेसे वाटते. मी जात नाही. पाय घट्ट जमिनीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकते.

होळीच्या सुमारास ती परत आली. तीच जागा, तोच पेला. बोटांवर बोंडांचे ओरखडे, काही अजून ओले. वड्या थोड्याच होत्या. माझ्या पुढे दोन बायका होत्या, त्यांचे हात धुऊन झाले. मी हात पुढे केले.

तिने पेला भरला नाही.

मी हळू आवाजात सांगितले की मी सगळे लिहून दिले आहे, मोठ्या बाईंकडे कागद आहे, त्यात काही लपवलेले नाही.

"कागद त मी पाह्यला नाई," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. ते कुठी गेलतं?"

मागे माणसे उभी होती. मी हात तसेच धरून होते. तिने एक वडी उचलली आणि माझ्या हातात न देता गोणपाटाच्या कडेला ठेवली. मी पैसे काढले. ते हातात घ्यायला तिने हात पुढे केला नाही, म्हणून मी नाणे गोणपाटावर ठेवले. तिने घागरीत बोटे बुडवली आणि नाण्यावर पाणी शिंपडले. तीनदा. आमच्या कोठीत ती कधी आली नव्हती, आत्याला तिने कधी पाहिले नव्हते, तरी बोटांचा झटका अगदी तोच होता. मग ओले नाणे उचलून डब्यात टाकले आणि माझ्या मागच्या बाईला म्हणाली, "हात पुढं करा."

घरी आले. आत्या दारातच होती, हातात गडवा. वडी खाली ठेव म्हणाली, पाणी मारते.

"पाणी मारून झालंय," मी म्हणाले. "तिनं माझ्या पैशांवर मारलं."

"काहून?"

"मी तुझी भाची आहे म्हणून."

आत्याला ते पूर्ण कळले की नाही, सांगता येत नाही. गडवा तिच्या हातात तसाच राहिला. त्या दिवशी वडीवर पाणी पडले नाही, त्यानंतरही नाही. वडी मी माझ्या खोलीत खिडकीत ठेवते. तिच्यावरचा अंगठा वडी झिजून संपत येईपर्यंत स्पष्ट दिसतो. आत्या माझ्या खोलीत येत नाही. वडिलांनी या विषयावर एक अक्षर काढले नाही. आमच्या घरात राग असाच ठेवतात, झाकण लावून.

याला आता चार वर्षे झाली. नेरच्या बाजारात तिच्याकडून साबण घेणारे वाढले आहेत. परवा त्या वकिलांची बायको रांगेत होती, डोक्यावरून पदर, पण दोन्ही हात पुढे. मी दर बाजाराला जाते. ती मला नाही म्हणत नाही, वडी देते, गोणपाटाच्या कडेला ठेवून. माझ्या नाण्यावर पाणी शिंपडते. अख्ख्या बाजारात फक्त माझ्या. कधी कधी मला तिचा भयंकर राग येतो. मी काय एकटीच होते का त्या खोलीत? आत्याला कोणी विचारले? मोठ्या बाईंना? हा राग मी घरापर्यंत नेते. वाटेत कुठेतरी तो उलटतो आणि माझ्यावर येतो, आणि मग आठवडाभर तिथेच राहतो.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा तिच्यासमोर उभी राहते. आधी हात पुढे करते, मग वाट पाहते. ती पेला भरत नाही.